छोट्यांसाठी माथेरानच्या गाडीची छोटी फेरी हवी

मा. संपादक महोदय यांस,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरून नेरळ-माथेरान गाडी पुन्हा सुरू होण्याचे दिवस आले की वृत्तपत्रांतून तिची छायाचित्रे झळकू लागतात, आणि दिवाळीच्या सुटीत तीन-चार वर्षांच्या मुलांना कडेवर घेतलेली कितीतरी कुटुंबे कर्जत किंवा खोपोली लोकल पकडून नेरळला येऊन थडकतात. या गाडीविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. तिचा इतिहास, तिचे वारंवार बंद पडणे, तिला जोडलेला काचेचा डबा या सगळ्यांवर चर्चा झाली आहे. पण ज्यांच्या हट्टापायी घरातली मोठी माणसे तिच्यात बसतात, त्या लहान मुलांच्या सोयीने या प्रवासाकडे फारसे कोणी पाहिलेले दिसत नाही. म्हणून हा पत्रप्रपंच. माझी सूचना अशी की, सुटीच्या दिवसांत नेरळहून वाटेतल्या जुम्मापट्टी स्थानकापर्यंत जाऊन परत येणारी एक छोटी फेरी रेल्वेने लहान मुलांसाठी चालवून पाहावी, आणि ती सुरू होईपर्यंत पालकांनी निदान पाच वर्षांखालच्या मुलांना गाडीने पूर्ण घाट चढायला लावू नये.

अनेक वर्षे मी बालवाडीत शिकवले आहे. त्यामुळे लहान मूल एका जागी किती वेळ बसू शकते याचा अंदाज मला रेल्वेच्या अधिकाऱ्यांपेक्षा थोडा अधिक असावा, एवढे म्हणण्याची मुभा मी घेते.

आधी ही गाडी कशी आहे ते पाहू. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या चिकाटीतून १९०४ ते १९०७ या काळात हा मार्ग बांधला गेला. दोन रुळांमधले अंतर अवघे दोन फूट. नेरळ समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० मीटर उंचीवर आहे, तर माथेरान सुमारे ८०० मीटरवर. एवढी चढण दातेरी रुळांच्या मदतीशिवाय चढायची म्हणून मार्ग डोंगराच्या अंगाखांद्यावरून वळसे घेत जवळजवळ २१ किलोमीटर फिरवला आहे. काही ठिकाणी चढ वीस फुटांना एक फूट इतका तीव्र आहे. साहजिकच गाडीचा वेग माफक असतो आणि वर पोचायला सुमारे अडीच तास लागतात. या संथपणाला माझी मुळीच हरकत नाही. गाडीचा वेग वाढवा अशी मागणी अधूनमधून कानांवर येते, पण ज्याला लवकर पोचायचे आहे त्याच्यासाठी माथेरानच्या वेशीवरच्या दस्तुरी नाक्यापर्यंत टॅक्सी आहेच. गाडी संथ आहे म्हणूनच मुलांना रुळांकडेची वारुळे दिसतात, करवंदीच्या जाळ्या दिसतात आणि वळणावर आपलेच इंजिन दिसते.

अडचण आहे ती एकूण वेळेची. कल्पना करा, मुंबई किंवा ठाण्याहून निघालेल्या कुटुंबाने मुलाला पहाटे उठवलेले असते. मुंबईच्या मुख्य स्थानकापासून नेरळपर्यंत लोकलला दोन तासांच्या आसपास लागतात. पुण्याकडून येणाऱ्यांना कर्जतला उतरून नेरळसाठी लोकल धरावी लागते. नेरळला उतरल्यावर शेजारच्याच फलाटावरून छोटी गाडी सुटते ही मोठी सोय खरी, पण तिची तिकिटे खिडकीवर गाडीच्या वेळेआधी मिळत असल्याने जागा मिळेल या आशेने लोक बरेच आधी येऊन रांगेत उभे राहतात. म्हणजे गाडी हलते तेव्हा मुलाचा निम्मा दिवस आणि जवळजवळ सगळा उत्साह खर्च झालेला असतो. मग पुढचे अडीच तास अरुंद डब्यात, समोरच्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायचे. डब्यात स्वच्छतागृह नाही, आणि नुकतेच लंगोट सुटलेल्या मुलाच्या आईसाठी या एका गोष्टीपुढे सह्याद्रीचे सगळे सौंदर्य फिके पडते. बालवाडीतली मुले गोष्ट रंगली तरी वीस-पंचवीस मिनिटांनी चुळबुळू लागतात, आणि खिडकीबाहेरचा डोंगर ही काही क्षणाक्षणाला वळण घेणारी गोष्ट नव्हे. दरीचे कौतुक मोठ्यांना असते. चार वर्षांच्या मुलाला दूरचा कडा आणि दूरचा ढग सारखेच. त्याला हवे असते ते हाताशी असलेले काहीतरी, म्हणजे इंजिनाचा भोंगा, गार्डचा हिरवा बावटा, रुळांवरून बाजूला होणारे माकड.

यावर कोणी म्हणेल की मग टॅक्सीने न्यावे आणि विषय संपवावा. पण मुलांच्या पोटाच्या दृष्टीने पाहिले तर गाडी टॅक्सीपेक्षा बरी ठरते. घाटात मळमळते याचे कारण असे की, कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव शरीर हलत असल्याचे सांगतो, आणि डोळ्यांसमोर मात्र पुढच्या सीटची पाठ किंवा मोबाइलचा पडदा स्थिर असतो. या दोन निरोपांचा मेळ बसत नाही. दोन वर्षांखालच्या बाळांना हा त्रास सहसा होत नाही, पण दोन ते बारा या वयात तो सर्वांत जास्त होतो. नेरळचा घाटरस्ता टॅक्सी वीस-पंचवीस मिनिटांत चढते आणि त्यातली वळणे इतकी आवळलेली आहेत की मागच्या सीटवर मधोमध बसवलेले मूल बाहेर काही पाहूच शकत नाही. गाडीत वळणे तशीच असली तरी ती सावकाश येतात, खिडकी उघडी असते, वारा तोंडावर येतो आणि नजर लांब जाते. मुलाला शक्यतो गाडीच्या दिशेला तोंड करून बसवावे, निघण्यापूर्वी पोटभर वडापाव चारण्याऐवजी पोळीचा तुकडा किंवा साधी बिस्किटे द्यावीत, मोबाइल दप्तरात ठेवावा, आणि उलटीचे औषध द्यायचेच असेल तर ते मुलाच्या डॉक्टरांना विचारून आणि निघण्याआधी द्यावे. एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. माथेरानची चिक्की कितीही प्रसिद्ध असली तरी हलत्या डब्यात पाच वर्षांखालच्या मुलाच्या हाती शेंगदाण्याची चिक्की देऊ नये. अख्खा दाणा घशात अडकण्याचा धोका या वयात खरा असतो, आणि दोन स्थानकांच्या मध्ये, एका बाजूला दरी असताना, मदत लवकर येत नाही. चिक्की घरी न्यावी, तिथे ती कुटून खाता येते.

आता माझ्या सूचनेकडे येते. नेरळ सोडल्यावर गाडी थोडा वेळ मुख्य रेल्वेमार्गाच्या सोबतीने जाते, मग हरदाळ टेकडीला वळसा घालून चढाला लागते, आणि जुम्मापट्टीच्या आसपास घाटरस्ता तिला येऊन भेटतो. मुलांना ज्या गोष्टींची मौज वाटते त्या बहुतेक सगळ्या या पहिल्या टप्प्यात आहेत. शेजारून धडधडत जाणारी मोठी गाडी आणि आपली ही इवलीशी गाडी, फाटकापाशी थांबलेल्या मोटारी, पहिली आवळलेली वळणे, आणि पायथ्याची भातखाचरे हळूहळू खाली जात असल्याचा पहिला साक्षात्कार. जुम्मापट्टी हे गाड्यांच्या क्रॉसिंगचे, म्हणजे एकेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्यांनी एकमेकींना वाट देण्याचे स्थानक आहे. तिथे इंजिन एका टोकाकडून सोडवून दुसऱ्या टोकाला लावता येईल, आणि हे काम डोळ्यांसमोर होताना पाहणे याहून मोठी करमणूक लहान मुलांसाठी नसते, हे मी खात्रीने सांगते. गाडीचा नेहमीचा वेग धरला तर जाणे, इंजिन फिरवणे आणि परतणे हे सगळे साधारण दीड तासात व्हायला हरकत नाही. भेकऱ्या खिंडीच्या पुढचे, माउंट बेरीजवळचे घोड्याच्या नालेसारखे मोठे वळण आणि मार्गावरचा एकमेव बोगदा या फेरीत येणार नाहीत हे खरे. पण ते पाहायला मूल आठ-नऊ वर्षांचे झाले की पुन्हा येता येईल, आणि तेव्हा ते त्याच्या लक्षातही राहील.

ही कल्पना काही माझ्या डोक्यातून उगवलेली नाही. दार्जिलिंगच्या डोंगरी रेल्वेने हा मार्ग कधीचाच दाखवून दिला आहे. न्यू जलपाईगुडीहून दार्जिलिंगपर्यंतचा संपूर्ण प्रवास सारा दिवस खातो, म्हणून दार्जिलिंग ते घूम आणि परत अशा साधारण दोन तासांच्या जॉयराइड तिथे चालतात, आणि बहुसंख्य पर्यटक, विशेषतः मुलेबाळे असलेले, त्याच गाडीत बसतात. बतासियाचा वळसा त्यांना त्यातच पाहायला मिळतो. दार्जिलिंगच्या या रेल्वेला १९९९ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. छोट्या फेऱ्यांनी तिचा वारसा उणावला असे कोणी म्हणत नाही. निलगिरीत असा पर्याय मुलांच्या पालकांना आपसूक मिळतो. मेट्टुपाळयम ते उटी हा ४६ किलोमीटरचा पूर्ण प्रवास, ज्यातला कुन्नूरपर्यंतचा तीव्र चढ दातेरी रुळांवरून होतो, पावणेपाच तासांच्या आसपास घेतो, पण कुन्नूर ते उटी हा वरचा टप्पा तासा-सव्वातासात होतो आणि निसर्गाच्या दृष्टीनेही तो उणा नाही. मे महिन्यात उटीला आणि सिमल्याला जाणाऱ्या आपल्याकडच्या सहलींच्या आयोजकांनी याचा विचार करावा. कालका-सिमला मार्गावर १०० हून अधिक बोगदे आहेत म्हणून मुले खूश होतात खरी, पण ९६ किलोमीटरच्या त्या प्रवासाला पाच-सहा तास लागतात आणि विसावा बोगदा येईपर्यंत बोगद्यांचे अप्रूप संपलेले असते.

माथेरानला आजही एक मधला मार्ग आहे, आणि त्याची माहिती अनेक पालकांना नसते म्हणून सांगते. दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारींना बंदी आहे. तिथून थोड्याच अंतरावर अमन लॉज स्थानक लागते आणि अमन लॉज ते माथेरान अशी शटल गाडी चालते. तोच दोन फुटी मार्ग, तशीच छोटी गाडी, सावलीतून जाणारा रस्ता, आणि प्रवास वीस मिनिटांच्या आसपासचा. तीन वर्षांच्या मुलासाठी हे प्रमाण अगदी योग्य आहे. खालचा नेरळ ते अमन लॉज हा टप्पा दरडींच्या भीतीने साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, आणि कधी त्याहूनही अधिक काळ, बंद ठेवला जातो. तेव्हाही ही शटल बहुधा सुरू असते. तरीही शटलने माझी सूचना अनावश्यक ठरत नाही, कारण शटलपर्यंत पोचण्यासाठी मुलाला आधी घाटरस्त्याने टॅक्सीत न्यावेच लागते, आणि त्यातली मळमळ वर सांगितलीच आहे. शिवाय ज्यांना माथेरानला राहायचे नाही, एका दिवसात मुलाला डोंगरातली गाडी दाखवून संध्याकाळी घरी परतायचे आहे, अशा साध्या कुटुंबांना नेरळच्या पायथ्याशीच काही मिळाले तर खर्च आणि दमणूक दोन्ही वाचतील.

ज्यांच्या मुलांना बोगद्यांचे वेड आहे त्यांनी माथेरानच्या आधी बोरघाटाचा विचार करावा, असे मी आग्रहाने सांगेन. मुंबई-पुणे मार्गावरचा हा घाट रोजच्या धावपळीमुळे आपल्याला दिसेनासा झाला आहे. १८६३ साली तो वाहतुकीला खुला झाला तेव्हा त्यात २५ बोगदे होते, आणि कर्जत ते लोणावळा या अंतरात आजही उजेड-अंधाराचा खेळ सतत चाललेला असतो. चढ ३७ ला १ असा असल्याने पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने लावली जातात. ती लागताना बसणारा हलका धक्का आणि मग मागून ढकलत असल्याची जाणीव मुलांना समजावून सांगता येते आणि त्यांना ती समजतेही. पळसदरी, ठाकूरवाडी, मंकी हिल अशी नावे वाचत तासाभरात लोणावळा येते. डब्यात स्वच्छतागृह असते, बसायला प्रशस्त जागा असते, आणि मूल कंटाळले तर डब्यात चार पावले चालवून आणता येते. डेक्कन एक्स्प्रेसला २०२१ पासून मोठ्या काचांचा व्हिस्टाडोम डबाही जोडला जातो. माझे मत विचाराल तर लहान मुलांना साध्या डब्याची उघडी खिडकी अधिक आवडते, कारण बोगद्यात शिरल्यावर येणारा थंड ओलसर वारा आणि चाकांचा वाढलेला आवाज बंद काचेतून मिळत नाही. मात्र खिडकीबाहेर हात काढू न देण्याची जबाबदारी तेवढी शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाची, आणि ती मोबाइलवर चित्रीकरण करताना पार पडत नाही.

सुरक्षिततेचा प्रश्न उपस्थित होणारच, आणि तो व्हायला हवा. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत माथेरानचा मार्ग वाहून गेला आणि तो पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडले. मे २०१६ मध्ये अमन लॉजजवळ दोनदा डबे घसरल्यावर गाडी बंद झाली. पुढे तिला एअर ब्रेक बसवण्यात आले, धोक्याच्या वळणांवर कठडे उभारले गेले, आणि जानेवारी २०१८ मध्ये संपूर्ण मार्ग खुला झाला. त्यानंतर २०१९ च्या पावसाने पुन्हा घाला घातला आणि ऑक्टोबर २०२२ पर्यंत नेरळहून गाडी निघाली नाही. एवढ्या खस्ता खाल्लेल्या एकेरी मार्गावर आणखी फेऱ्यांचा भार टाकावा का, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की, मी मागते आहे ती फेरी मार्गाच्या खालच्या टप्प्यापुरती, कोरड्या ऋतूतली आणि मोजक्या दिवसांची आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांतले रविवार आणि नाताळची सुटी एवढ्यावर प्रयोग करून पाहता येईल. मे महिन्यात नेरळचा उकाडा असा असतो की लहान मुलांना सकाळी नऊनंतर तिथे आणूच नये, त्यामुळे उन्हाळी फेरी चालवायची तर ती अगदी सकाळीच चालवावी लागेल. डबे आणि इंजिने मोजकी आहेत, नेहमीच्या गाड्यांची क्रॉसिंगे सांभाळायची आहेत, हे सगळे खरे. तो तिढा सोडवण्याचे ज्ञान रेल्वेच्या लोकांना आहे आणि मला नाही. पण गर्दीच्या दिवशी माथेरानच्या गाडीत जागा न मिळाल्याने नेरळच्या फलाटावरूनच परत फिरणारी कुटुंबे पाहिली, तर या फेरीला प्रवासी मिळतील का याची चिंता करण्याचे कारण दिसत नाही.

फेरी सुरू होवो वा न होवो, दोन-तीन गोष्टी अगदी कमी खर्चात करता येण्याजोग्या आहेत. नेरळच्या तिकीट खिडकीशेजारी ठळक मराठीत एक फलक असावा, त्यावर वर पोचायला लागणारा वेळ, डब्यात स्वच्छतागृह नसल्याची सूचना आणि अमन लॉज शटलचा पर्याय लिहिलेला असावा. म्हणजे पालकांना रांगेत उभे राहण्यापूर्वी निर्णय घेता येईल. नेरळ, जुम्मापट्टी आणि अमन लॉज या तिन्ही ठिकाणी लहान मुलांना वापरता येईल अशा उंचीचे स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी सुटीच्या काळात चालू स्थितीत राहील, याची रोज पाहणी व्हावी. मधल्या स्थानकांवर माकडे मुलांच्या हातातला खाऊ हिसकावतात, त्यासाठी गाडी थांबण्यापूर्वी खाऊ पिशवीत ठेवण्याची सूचना गार्डने किंवा तिकीट तपासनीसाने डब्यात येऊन द्यावी. मुले अशा गणवेशातल्या माणसाचे ऐकतात, आईवडिलांचे ऐकतीलच असे नाही. आणि दस्तुरी नाक्यावर शटलची पुढची वेळ दाखवणारी साधी पाटी लावली, तर मुलांना घेऊन घोड्यांच्या गर्दीतून अमन लॉजपर्यंत धावत सुटण्याची वेळ पालकांवर येणार नाही.

मध्य रेल्वेच्या संबंधित अधिकाऱ्यांनी आणि माथेरान नगर परिषदेने या सूचनांचा विचार करावा, आणि छोटी फेरी शक्य नसेल तर ती कोणत्या तांत्रिक कारणाने शक्य नाही ते आपल्या वृत्तपत्रातून वाचकांना कळवावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, डोंबिवली